ड्यूक आणि नॉर्थ कॅरोलायना : एक तळटीप

१. ‘ड्यूकविरुद्धचा सामना’ : अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात डरॅमचे खासगी ड्यूक विद्यापीठ आणि चॅपल हिलचे सरकारी नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठ यांत जेमतेम १५ किलोमीटरचे अंतर आहे. त्यांची बास्केटबॉलमधली चुरस जगजाहीर आहे. येथे लेखिकेला अभिप्रेत आहे ती महिला फुटबॉलमधली. शिक्षणातील लिंगभेदाला मनाई करणाऱ्या १९७२च्या संघराज्यीय कायद्यामुळे विद्यापीठांना मुलींच्या खेळांची दखल घ्यावीच लागली. १९७९मध्ये अॅन्सन डॉरन्स यांच्या मार्गदर्शनाखाली चॅपल हिलचा संघ उभा राहिला आणि १९८२ची पहिली राष्ट्रीय महाविद्यालयीन स्पर्धा त्याने जिंकली. ड्यूकचा संघ १९८८चा. १९९२च्या अंतिम सामन्यात मिया हॅम या खेळाडूचा समावेश असलेल्या चॅपल हिलच्या संघाने त्याला ९-१ असे हरवले. मात्र केवळ या गुणफलकावरून ड्यूकला जोखणे अन्यायाचे ठरेल : पाचव्याच हंगामात अंतिम फेरी गाठणे ही मोठीच कामगिरी होती. पुढे २०११ आणि २०१५मध्येही ड्यूक तिथवर पोहोचले. विजेतेपद मात्र हुकले. २०२४च्या उपांत्य फेरीत ड्यूकला ३-० असे नमवून नॉर्थ कॅरोलायनाने पुढे आपले बाविसावे विजेतेपद मिळवले. — संपादक