कॉन्फिगरची कुळकथा

1983 साली एटी अँड टीने सिस्टीम फाइव्ह आणलं आणि त्याच वर्षी बर्कले विद्यापीठातून 4.2 बीएसडी बाहेर पडलं. दोन्ही युनिक्सच. पण मजकुरात एखादं अक्षर शोधायचं तर बर्कलेकडे त्या फंक्शनचं नाव इंडेक्स, सिस्टीम फाइव्हकडे स्ट्रकॅर. मेमरीतली माहिती हलवायला इकडे बीकॉपी, तिकडे मेमकॉपी. वर कुठून घ्यायचं आणि कुठे ठेवायचं हा क्रमही उलटा. पुढे सन, एचपी, आयबीएम या कंपन्यांची आपापली युनिक्सं आली. 1988 मध्ये पॉझिक्स हे प्रमाण ठरलं, पण आधीची यंत्रं तशीच चालू होती.

याचा सर्वाधिक जाच झाला तो सोर्स कोड खुला वाटणाऱ्यांना. आपला कोड कुठे, कुणाच्या यंत्रावर उतरेल हे त्यांना कधीच कळणार नव्हतं. लॅरी वॉल यांनी 1984 मध्ये आरएन हा बातम्या वाचायचा प्रोग्रॅम दिला, तेव्हा सोबत कॉन्फिगर नावाची स्क्रिप्टही दिली. ती काही स्वतः तपासायची, काही समोरच्या माणसाला विचारायची. पुढे 1991 च्या जूनमध्ये डेव्हिड मॅकेन्झी जीएनयू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या फाइलयुटिल्सची देखभाल करत होते. एलएस, सीपी, एमव्ही या रोजच्या आज्ञा त्यातल्याच. ते बसवणाऱ्याला मेकफाइलमध्ये वीसेक पर्याय हाताने निवडावे लागत. मॅकेन्झींनी ते ओळखणारी छोटी स्क्रिप्ट लिहिली. मग तशाच स्क्रिप्टा दुसऱ्या प्रोग्रॅमांसाठीही लागू लागल्या आणि त्या तयार करून देणारं ऑटोकॉन्फ 1992 मध्ये आलं.

त्याआधीची सर्रास रीत म्हणजे यंत्राचं नाव विचारायचं: सन असेल तर हे कर, एचपी असेल तर ते. नवं यंत्र आलं की कोड अडला. ऑटोकॉन्फने नावाचा नाद सोडला आणि अंगी काय आहे ते पाहिलं. आमच्या एकोडी गावाच्या बाजूला भाताच्या रोवणीआधी बांधीत पाणी किती धरतं ते उतरून बघतात, सातबाऱ्यावरून ठरवत नाहीत. तीच ही दृष्टी. मला या साऱ्या इतिहासात सगळ्यात मोलाची वाटते ती हीच.

तपासणी होते कशी, ते बघण्यासारखं आहे. स्क्रिप्ट कॉन्फटेस्ट नावाची चार ओळींची सी फाइल लिहिते, तीत स्ट्रकॅरला हाक मारते आणि कंपायलरला देते. जुळलं तर पडद्यावर ‘येस’ उमटतं आणि शेवटी तयार होणाऱ्या कॉन्फिग डॉट एच या फाइलीसाठी तशी एक नोंद होते. कॉन्फटेस्ट पुसली जाते, पुढचा प्रश्न सुरू. असे शेकडो प्रश्न होतात. शिवाय ही स्क्रिप्ट चालवायला ऑटोकॉन्फ लागत नाही, साधं बॉर्न शेल पुरतं. जुन्या शेलांत फंक्शनं नव्हती, म्हणून कित्येक वर्षं स्क्रिप्टमध्ये ती वापरलीच नाहीत. दोन किमतींची तुलना करताना दोन्हींच्या पुढे एक्स हे अक्षर जोडलेलं दिसतं, कारण किंमत रिकामी असली किंवा उणे चिन्हाने सुरू झाली तर जुनी शेलं अडखळत. सगळ्यांत गरीब यंत्र डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेला कोड आहे हा.

कंपायलरला मात्र यंत्राचं नाव कळावंच लागतं, कारण त्याला त्या यंत्राच्या प्रोसेसरची भाषा बोलायची असते. जीएनयूच्या जीसीसी या कंपायलरमध्ये ही माहिती यंत्रवर्णनाच्या वेगळ्या फाइलींत असते. नव्या प्रोसेसरसाठी मुख्यतः ते वर्णन लिहायचं. मुंबईच्या आयआयटीत प्रा. उदय खेडकर यांच्या पुढाकाराने जीसीसी रिसोर्स सेंटर उभं राहिलं, ते हे अवघड अंतरंग शिकवायला. त्यांच्या कार्यशाळांतून स्पिम या मिप्सच्या सिम्युलेटरसाठी यंत्रवर्णन पायरीपायरीने रचायला शिकवलं गेलं: आधी किमान सांगाडा, मग गणित, मग फंक्शनला हाक, मग अट. जीसीसीचा लाखो ओळींचा पसारा असा पायरीपायरीने शिकवणं ही मोठीच कामगिरी.

ऑटोकॉन्फच्या वाट्याला असं शिकवणारे फार आले नाहीत, आणि कामही रेंगाळलं. 2012 च्या 2.69 नंतरची 2.70 ही आवृत्ती यायला 2020 चा डिसेंबर उजाडला. तयार होणारी स्क्रिप्ट हजारो ओळींची, ती कुणी वाचत नाही. हे कसं अंगाशी येतं ते पुढे दिसलं. 2024 च्या मार्चमध्ये प्रोग्रॅमर आंद्रेस फ्रॉइंड यांना एसएसएचने लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं. त्यांनी माग काढला तो एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या पॅकेजपर्यंत पोहोचला. त्यात कुणीतरी गुपचूप चोरदरवाजा बसवला होता. त्याचा कोड चाचणीच्या फाइलींत दडवलेला होता, आणि त्याला बिल्डमध्ये शिरवणारी, ऑटोकॉन्फ ज्यातून स्क्रिप्ट तयार करतं तसली एम4 फाइल गिटच्या साठ्यात नव्हती. ती फक्त लोक उतरवून घेतात त्या टारबॉलमध्ये होती.