उलार गाडी आणि तिचे सारथी



व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून राज्यांचा, लढायांचा आणि संतांचा इतिहास ऐकण्याची आपल्याला सवय आहे. एका मोटारगाडीचा इतिहास सांगायला कोणी उभा राहिला, तर 'यात इतिहास तो कसला?' असे आपल्या मनात येणे साहजिक आहे. परंतु माणसाचे कसब त्याच्या हातातून निघून यंत्रात कसे जाते, हाही इतिहासच आहे. आणि तो एखाद्या वस्तूच्या चरित्रात फार स्पष्ट दिसतो. म्हणून मी आज जर्मनीतील पोर्श ९११ या वेगवान गाडीची हकीकत निवडली आहे. ही गाडी १९६३ साली फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात प्रथम दिसली, आणि साठ वर्षांनंतरही ती ९११ याच नावाने निघते. जुनी चालवण्यात आणि नवी चालवण्यात काय फरक आहे, हे पाहायला याहून चांगले उदाहरण सापडणार नाही.

बैलगाडीत ओझे मागे जास्त झाले, की जू वर उचलले जाते आणि गाडी उलार होते, हे शेतकऱ्याच्या पोरालाही ठाऊक असते. ९११ ही जन्मतःच उलार गाडी. तिचे एंजिन मागच्या आसाच्याही मागे बसवलेले. आजोबा फर्डिनांड पोर्श यांनी फोक्सवॅगनची रचना अशीच केली होती. ती रीत ३५६ या गाडीतून पुढे आली, आणि नातू फर्डिनांड अलेक्झांडर यांनी ९११चे रूप रेखाटले तेव्हाही एंजिन मागेच राहिले. या रचनेत गुण होता. ज्या चाकांनी गाडी ढकलायची त्यांच्यावरच भार असल्यामुळे ती जमीन घट्ट धरून सुटत असे.

दोष दिसे तो वळणावर. वळणात वेग जास्त झाला असे वाटून चालकाने ॲक्सिलरेटरवरचा पाय एकदम उचलला, की भार पुढच्या चाकांवर जाई, मागच्या चाकांची पकड सैल होई, आणि एंजिनाचे ओझे लंबकासारखे बाहेर झोके घेई. क्षणार्धात गाडीचे तोंड आल्या दिशेला फिरे! म्हणजे भ्यायलेला माणूस जे स्वभावतः करतो, नेमके तेच या गाडीत घातक होते. तिच्या चालकाला भीतीविरुद्ध वागायला शिकावे लागे. ब्रेक वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर लावायचा. आणि वळणात शिरल्यावर पाय उचलायचा नाही, उलट हळूहळू दाबत जायचा. घोड्यावर मांड पक्की व्हावी तसे हे अंगवळणी पडावे लागे.

कारखान्याला हा दोष कळत नव्हता असे नाही. त्याने प्रथम केलेला उपाय तर खास गाडीवानाचा होता : पुढच्या बंपरच्या दोन्ही टोकांशी अकरा-अकरा किलोंची बिडाची वजने बसवली! पुढे १९६९च्या गाड्यांत एंजिन जागेवर ठेवून मागची चाके ५७ मिलिमीटर मागे नेली, आणि एका बॅटरीऐवजी दोन लहान बॅटऱ्या पुढच्या दोन कोपऱ्यांत ठेवल्या. तोल पुष्कळ सुधारला, पण स्वभाव गेला नाही. १९७५च्या सुमारास आलेल्या टर्बो गाडीत २६० अश्वशक्ती होती, आणि ती पाय दाबल्यावर थोड्या विलंबाने, एकदम उसळे. इंग्रजी भाषिकांत तिला 'विधवा करणारी' असे टोपणनाव पडले. थट्टेतले नाव खरे, परंतु त्यामागे कोणाचे तरी घर उजाड झाले होते, हे विसरता कामा नये. जुन्या गाड्यांचे पोवाडे गाणारे रसिक हे हटकून विसरतात.

त्यानंतरचा टप्पा यंत्रकौशल्याचा. १९८९च्या गाडीत चाक फिरवायला यंत्राची मदत आली, आणि ब्रेक लावताना चाके जखडू न देणारी एबीएस यंत्रणा आली. १९९३च्या गाडीत मागच्या चाकांची टांगण नव्याने रचली, आणि पाय उचलताच झोका घेण्याची खोड बरीच मोडली. तिसरा टप्पा विजेच्या मेंदूचा. गाडी घसरू लागली, तर चालकाला समजण्यापूर्वीच नेमक्या एका चाकाला ब्रेक लावून तिला सावरणारी यंत्रणा बसली. २०११च्या गाडीपासून सुकाणूला मदत करणारी यंत्रणा विजेवर चालू लागली; रस्त्याची खरखर, पाण्याचा पातळ थर, पकड सुटत असल्याची कुजबुज हे जे पूर्वी तळहाताला कळे, ते मंदावल्याची तक्रार जाणत्या चालकांनी केली. आणि २०१९च्या गाडीने कमालच केली : पुढच्या चाकांवर उडणाऱ्या पाण्याचा आवाज ती स्वतः ऐकते, आणि रस्ता ओला आहे हे चालकाला सांगते! जे हाताला कळे, ते आता गाडीला कळते.

आकडे पाहू. १९६४च्या गाडीचे वजन सुमारे १०८० किलो आणि शक्ती १३०. ताशी १०० किलोमीटर गाठायला तिला नऊ सेकंद लागत. २०१९च्या साध्या करेरा गाडीचे वजन दीड हजार किलो, शक्ती ३८५, आणि तोच वेग ती सव्वाचार सेकंदांत गाठते. तरीही नवशिका ती निर्धास्त चालवू शकतो. मग प्रगतीच झाली, यात शंका कशाला? प्रगती झालीच; वाचलेला जीव हा हरवलेल्या कौशल्यापेक्षा केव्हाही मोलाचा.

परंतु हिशेबाची दुसरी बाजू आहे. जुनी गाडी बेताच्या वेगातच कुरकुरू लागे; तिची मर्यादा जवळ होती आणि ती बोलून दाखवत असे. नवी गाडी फार दूरपर्यंत गप्प राहते. वेग दुप्पट झाला की आघाताची शक्ती चौपट होते, हा निसर्गाचा नियम कोणत्याही कारखान्याने बदललेला नाही. गाडी कितीही शहाणी झाली, तरी ती रस्त्याला टेकते ती तळहाताएवढ्या चार जागांवर. त्यांची पकड संपली की मेंदू काय करणार? म्हणून नव्या गाडीत चूक क्वचित होते, पण व्हायची ती मोठ्या वेगात होते.

ही गोष्ट केवळ श्रीमंतांच्या गाड्यांची नाही. २०१९ पासून आपल्या देशातही नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे आहे. पावसात घाट उतरताना पूर्वीचा चालक ब्रेक दाबत-सोडत, गाडीचा अंदाज घेत उतरे. आज एकदम ब्रेक मारावा लागला तर तो दाबून धरायचा आणि गाडी वळवायची. दाबणे-सोडणे यंत्र करते. ते उत्तम करते. मात्र ते करते आहे, आपण नव्हे, एवढी जाणीव चालकाला हवी.

तेव्हा जुनी चांगली की नवी, या वादाचा निकाल मी असा देईन : बसायला नवी चांगली, शिकायला जुनी. उलार गाडी साठ वर्षांनंतरही उलारच आहे. एंजिन अजून मागेच आहे. बदलले ते एवढेच, की तिला सावरणारा सारथी आता दिसत नाही. सारथ्य दुसऱ्याच्या हाती द्यायला हरकत नाही. अर्जुनानेही दिले होते. पण लगाम आपल्या हाती नाहीत, हे अर्जुनाला माहीत होते.