निकेलयुक्त अतिसंवाहकाचा शोध : मुंबईतील एका संशोधनाचा इतिहास

अतिसंवाहकता आणि चुंबकत्व हे परस्परांचे वैरी होत, अशी समजूत पदार्थविज्ञानात दीर्घकाळ रूढ होती. ती निराधार नव्हती. १९११ साली लायडन येथे कामर्लिंग ओनेस यांना असे आढळले, की ४.२ केल्व्हिनच्या सुमारास पाऱ्याचा विद्युत्‌रोध एकाएकी नाहीसा होतो. १९३३ मध्ये माइसनर व ओक्सेनफेल्ड यांनी अतिसंवाहक आपल्या अंतर्भागातून चुंबकीय क्षेत्र बाहेर लोटतो हे दाखविले. पुढे १९५७ मध्ये बार्डीन, कूपर व श्रीफर यांनी या घटनेची उपपत्ती मांडली. विरुद्ध परिवलनांच्या इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जुळल्यामुळे अतिसंवाहकता उद्भवते, असे तीत प्रतिपादन आहे. चुंबकीय अणू अशा जोड्या मोडून टाकतो. साहजिकच नव्या अतिसंवाहकाचा शोध घेताना लोह, कोबाल्ट व निकेल या चुंबकीय धातूंपासून दूर राहावे, असा संकेत पडला.

या संकेताला धक्का देणारे एक संशोधन मुंबईत, कुलाबा येथील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत झाले. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत चुंबकीय पदार्थांच्या अभ्यासाची परंपरा जुनी आहे. तेथे विरल मृत्तिका मूलद्रव्ये, निकेल व बोरॉन यांच्या संयुगांचे चुंबकीय गुणधर्म तपासले जात होते. यिट्रियमच्या अणूला स्वतःचे चुंबकत्व नसते. म्हणून अशा मालिकेत यिट्रियमचे संयुग तुलनेसाठी उपयोगी पडते. या तुलनेच्या नमुन्यातच १२ केल्व्हिनच्या सुमारास अतिसंवाहकतेची खूण उमटली. हे निरीक्षण १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले.

खूण क्षीण होती. विद्युत्‌रोध शून्यावर येणे हा येथे पुरेसा पुरावा ठरत नाही. कारण नमुन्यातून अतिसंवाहक द्रव्याचा एक बारीक अखंड धागा गेलेला असला, तरी प्रवाह त्या वाटेने विनारोध वाहतो. क्षेत्र किती प्रमाणात बाहेर लोटले जाते हे मोजल्यावरच द्रव्याचा किती भाग अतिसंवाहक आहे ते कळते. हा भाग अल्प निघाला. अशा प्रसंगी खूण भेसळीमुळे आली असे म्हणून नमुना बाजूस ठेवणे सोपे असते. मुंबईच्या गटाने ती भेसळ कोणती, हाच प्रश्न हाती घेतला.

संशय कार्बनवर गेला. हे मूलद्रव्य मिश्रणात मुद्दाम घालून नमुने तयार केले, तेव्हा अतिसंवाहकता संपूर्ण द्रव्यात पसरलेली दिसली. आर. नागराजन, चंदन मजुमदार, झाकिर हुसेन, एस. के. धर, एल. सी. गुप्ता, आर. विजयराघवन प्रभृतींचा हा निबंध जानेवारी १९९४ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये आला. लेखकांत पवई येथील भारतीय तंत्रविज्ञान संस्थेचे बी. डी. पडालिया व फ्रान्सचे सी. गोदार हेही होते.

त्याच वर्षी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या संशोधकांनी या वर्गातील ल्युटेशियमच्या संयुगात १६.६ केल्व्हिनपर्यंत अतिसंवाहकता आढळल्याचे कळविले. निकेलच्या जागी पॅलॅडियम असलेल्या एका मिश्रणात हे तापमान २३ केल्व्हिनपर्यंत गेले. या संयुगांची स्फटिकरचनाही तेव्हाच उलगडली. तीत निकेल व बोरॉन यांचे थर आणि विरल मृत्तिका व कार्बन यांचे थर आळीपाळीने येतात. या रचनेत निकेलच्या अणूवर स्थायी चुंबकत्व उरत नाही, हे पुढील अभ्यासात स्पष्ट झाले. निकेलविषयीचा संकेत येथे का लागू पडला नाही, याचे उत्तर त्यात मिळाले.

यिट्रियमच्या जागी चुंबकीय विरल मृत्तिका घातल्या, की मूळ वैराची परीक्षाच होते. एर्बियमचे संयुग १०.५ केल्व्हिनजवळ अतिसंवाहक होते, ६ केल्व्हिनजवळ त्यात चुंबकीय क्रमही येतो आणि दोन्ही अवस्था एकत्र नांदतात. हॉल्मियमच्या संयुगात ८ केल्व्हिनच्या सुमारास आलेली अतिसंवाहकता ५ केल्व्हिनजवळ क्षीण होऊन पुन्हा सावरते. डिस्प्रोशियमच्या बाबतीत चुंबकीय क्रम आधी आणि अतिसंवाहकता मागाहून येते. दोन्ही गुणधर्मांची तापमाने इतकी जवळजवळ असल्यामुळे त्यांचा संघर्ष व सहवास एकाच कुलात मोजता आला. जगातील अनेक प्रयोगशाळांनी या कुलाचा अभ्यास केला, तो याच कारणामुळे. त्या अभ्यासाचा प्रारंभ तुलनेसाठी केलेल्या एका नमुन्यातील क्षीण खुणेचा पाठपुरावा करण्यात आहे, हे या शाखेच्या इतिहासात नोंदविण्याजोगे आहे.