फुलाचा रंग माती ठरवते : हायड्रेंजियाचा इतिहास आणि मेहकरची काळी जमीन

१/ निळ्या फुलांचे हायड्रेंजिया आणून मेहकरच्या काळ्या जमिनीत लावले, तर पुढच्या बहरात फुले गुलाबी येण्याचीच शक्यता अधिक. यात रोपवाटिकेने फसवलेले नसते. रंग पाहून वाण निवडणाऱ्याला हे झाड असेच चकवते, आणि त्यामागे मोठा इतिहास आहे.

२/ हायड्रेंजिया हे नाव डच वनस्पतिशास्त्रज्ञ ग्रोनोव्हियस यांच्या १७३९ च्या ग्रंथातले. ग्रीक भाषेतील 'पाणी' आणि 'भांडे' या शब्दांपासून ते घडले, कारण या झाडाचे बोंड घड्यासारखे दिसते. ते झुडूप उत्तर अमेरिकेतले होते. बागांतून मिरवणारी गोल गुच्छांची जात मात्र मूळची जपानची.

३/ जपानची दारे तेव्हा युरोपला जवळजवळ बंद होती. उघडी होती ती नागासाकीच्या बंदरातील देजिमा बेटाची, तीही फक्त डचांसाठी. स्वीडनचे थुनबर्ग १७७५ मध्ये डचांचे वैद्य म्हणून तेथे पोहोचले. १७८४ मध्ये त्यांनी या झाडाचे वर्णन छापले, पण त्याला भलत्याच कुळात बसवले. १७८९ मध्ये जोसेफ बँक्स यांच्यामुळे चीनमधून आलेले रोप लंडनजवळच्या क्यू उद्यानात रुजले.

४/ १८२३ मध्ये जर्मन वैद्य झीबोल्ट देजिमावर आले. एका हायड्रेंजियाला त्यांनी 'ओताक्सा' हे नाव दिले. ते त्यांच्या जपानी सहचारिणीच्या, ओ-ताकी-सान यांच्या, नावावरून दिले असे मानले जाते. जपानचे नकाशे बाळगल्याबद्दल १८२९ मध्ये झीबोल्ट यांना हद्दपार करण्यात आले. ताकी आणि लहानगी मुलगी इने मागे राहिल्या. पुढे इने पाश्चात्त्य वैद्यक शिकून डॉक्टर झाली. शास्त्रीय नामकरणात आधीचे नाव टिकते. म्हणून थुनबर्ग यांचे 'मॅक्रोफिला' राहिले आणि 'ओताक्सा' मागे पडले.

५/ फूल निळे व्हावे म्हणून युरोपातील माळी मुळांशी गंजके लोखंड पुरत. खरे कारण विसाव्या शतकात सिद्ध झाले : ॲल्युमिनियम. आम्लधर्मी मातीत ते विरघळते, मुळांवाटे फुलात पोहोचते आणि तेथील रंगद्रव्याला निळे करते. चुनखडीच्या जमिनीत ते अडकून पडते. फूल गुलाबी राहते. तुरटीच्या पाण्याचा उपाय लागू पडतो तो याचमुळे, कारण तुरटी हा ॲल्युमिनियमचाच क्षार.

६/ महाराष्ट्रात या दोन्ही माती आहेत, आणि दोन्हींचा जन्म एकाच काळ्या पाषाणातून. महाबळेश्वरच्या धुवाधार पावसाने त्यातला चुना धुऊन नेला. लोह-ॲल्युमिनियमचा तांबडा जांभा उरला. पैनगंगेकाठच्या मेहकरला पाऊस बेताचा, म्हणून चुना जमिनीतच राहिला. कापसाला ही जमीन मानवते. हायड्रेंजियाला मात्र तीत लोहही नीट मिळत नाही आणि पाने पिवळी पडतात.

७/ म्हणून मेहकरात आधी माती निवडावी, मग वाण. मोठी कुंडी, तांबडी माती, पालापाचोळ्याचे खत, दुपारची सावली आणि शक्यतो साठवलेले पावसाचे पाणी. विंधन विहिरीच्या जड पाण्याने कुंडीतही चुना साचतो. निळे हवे असल्यास मॅक्रोफिला घ्यावा आणि तुरटीचे सौम्य पाणी अधूनमधून द्यावे. रंगाची ही उठाठेव नको असेल, तर ओकसारख्या पानांची अमेरिकी जात पाहावी. विल्यम बार्ट्राम यांनी १७९१ च्या प्रवासवर्णनात तिची नोंद केली आहे. ती उष्ण प्रदेशातली, इतर जातींपेक्षा ऊन अधिक सोसणारी. तिची फुले पांढरी उमलतात. माती बदलली तरी ती निळी होत नाहीत.