क्लॉस्ट्रिडियम

माती, गाळ आणि माणसा-जनावरांची आतडी यांत आढळणाऱ्या दंडाकार जिवाणूंचा एक वंश. त्यांची वाढ बहुधा ऑक्सिजन नसलेल्या जागीच होते. परिस्थिती प्रतिकूल झाली की ते बीजाणुरूपाने वर्षानुवर्षे टिकून राहतात. बहुतेक जाती निरुपद्रवी आहेत. रोगकारक जातींत मुख्य नुकसान होते ते त्यांनी तयार केलेल्या विषांमुळे.

धनुर्वात : क्लॉ. टेटनाय या जातीचे बीजाणू खोल, मातकट जखमेत रुजतात. त्यांचे विष मज्जातंतूंवाटे मेरुरज्जूत पोचते आणि स्नायूंना आवर घालणारे संदेश अडवते. त्यामुळे दातखीळ बसते, अंग ताठ होऊन झटके येतात. घोडा या रोगाला विशेष बळी पडतो. जिवाणुशास्त्रज्ञ कितासातो यांनी १८८९ मध्ये या जिवाणूचा शुद्ध संवर्ध मिळवला.

बॉट्युलिझम : क्लॉ. बॉट्युलिनमचे विष स्नायूला आकुंचनाचा संदेशच मिळू देत नाही. परिणामी अंग लुळे पडते आणि श्वास थांबून मृत्यू येऊ शकतो. बेल्जियममधील एलझेल गावी १८९५ मध्ये खारवलेल्या डुकराच्या मांसातून विषबाधा झाली; तिच्या तपासात जिवाणुशास्त्रज्ञ व्हॅन एर्मेंगेम यांना हा जिवाणू सापडला. बीजाणू साध्या उकळीने मरत नाहीत, म्हणून डबाबंद अन्न दाबाखाली सुमारे १२१° से. तापवतात. तयार विष मात्र उकळल्यास नष्ट होते.

वायुकोथ व आंत्रविषार : क्लॉ. परफ्रिंजेन्सच्या विषामुळे माणसाच्या चिरडलेल्या जखमेतील स्नायू सडून त्यांत वायू साठतो. याच जातीचा ‘ड’ प्रकार मेंढ्या-शेळ्यांना आंत्रविषार करतो. कोवळा चारा किंवा धान्य अधाशीपणे खाल्लेली धष्टपुष्ट कोकरे अचानक दगावतात.

फऱ्या : क्लॉ. शोव्हिआयमुळे होणारा हा रोग विशेषतः पावसाळ्यात, ६ महिने ते २ वर्षे वयाच्या सुदृढ गुरांत दिसतो. ताप येतो, जनावर लंगडते, मांडी किंवा खांदा सुजतो आणि सूज दाबल्यास चरचर आवाज येतो.

प्रतिबंध : प्रतिविष फक्त मोकळ्या विषाला निष्प्रभ करते, चेतापेशीत शिरलेल्या विषावर ते चालत नाही. म्हणून रोग होण्याआधीची लस महत्त्वाची. धनुर्वाताची लस निष्क्रिय केलेल्या विषापासून बनवतात. गुरांना फऱ्याची लस पावसाळ्यापूर्वी टोचतात. गरोदर स्त्रियांचे लसीकरण आणि स्वच्छ प्रसूती यांमुळे २०१५ मध्ये माता व नवजात धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाल्याचे प्रमाणित झाले. बीजाणू मातीत कायम असल्याने लसीकरण मात्र थांबवता येत नाही.