अफवा कुणाला पटते?

अफवेवर विश्वास ठेवणारा माणूस अडाणी असतो, असं आपण सहज म्हणून टाकतो. इतिहास मात्र इतकं सोपं उत्तर देत नाही.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. पाठोपाठ आवई उठली, की इस्पितळात नेलेल्या माणसाला डॉक्टरच मारतात. त्याच सुमारास व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला कुणी तरी डांबर फासलं होतं. त्या अपमानापायी राणीला मुंबईकरांची काळजं हवी आहेत, अशीही कुजबूज सुरू झाली. ऑक्टोबरअखेर गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेला.

आज आपल्याला याचं हसू येतं. पण त्या कामगाराला काय दिसत होतं? प्लेगवर खात्रीचा इलाज नव्हता, रोगी पोहोचायचे ते शेवटच्या घटकेला. त्यामुळे इस्पितळात गेलेले बहुतेक जण खरोखरच परतत नव्हते. १८९७ च्या साथरोग कायद्यानंतर तपासणी पथकं थेट माजघरात शिरू लागली. पुण्यात तर हे काम गोऱ्या शिपायांकडे होतं. मार्च १८९८ मध्ये मुंबईच्या मदनपुऱ्यात, मुसलमान विणकरांच्या वस्तीत, एका आजारी मुलीच्या तपासणीवरून दंगल पेटली. अफवा खोटी होती, पण तिच्या मागचं भय खरं होतं. मी कविता लिहितो, म्हणून एवढं जाणतो की ऐकणाऱ्याच्या मनात आधीपासून काही असल्याशिवाय शब्द तिथे रुजत नाही.

मग हे भय कमी कशानं झालं? हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. तरीही लोक बिचकत होते, कारण हाफकिन त्यांना परके होते. तेव्हा विशीतल्या आगाखानांनी आपल्या अनुयायांसमोर स्वतः लस टोचून घेतली. निरनिराळ्या समाजांनी आपापली इस्पितळं उघडली, तिथे आपली माणसं दिसल्यावर लोक जाऊ लागले. सरकारी जाहिरनाम्यानं जे साधलं नाही, ते ओळखीच्या माणसानं साधलं.

या गोष्टीला सव्वाशे वर्षं उलटली. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आली आहे या अफवेपायी, भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. प्लेगच्या काळात गरीब माणूस सत्तेला भ्याला होता. इथे गरीब माणूस आपल्याहून गरिबाला भ्याला. मोबाईलनं फक्त वेग वाढवला. पोटच्या पोराची काळजी आणि अनोळखी चेहऱ्याचा संशय आधीपासूनच होता.

म्हणून खोटी बातमी पसरली, की तिच्यावर हसणं किंवा नुसता खुलासा काढणं पुरत नाही. लोक कशाला भ्यालेत ते आधी विचारायला हवं, आणि ज्यांच्या शब्दाला गावात मान आहे, त्या शिक्षक, डॉक्टर, मौलवी, कीर्तनकारांनी जमाव जमण्याआधी बोलायला हवं. राईनपाड्यात जमाव जमल्यावर फार उशीर झाला होता.