वाळायची वाट

गावाकडे अमूर्त चित्र दाखवलं की पहिला प्रश्न ठरलेला. पारोळ्याला मावशीने विचारलं, "हाई काय शे?" पुण्यात ऑफिसातल्या टीम लीडने तेच विचारलं, फक्त इंग्रजीत. मी शनिवार-रविवार कार्ट्रिज पेपरवर अ‍ॅक्रिलिकचे थर देतो आणि त्यावर पेंट मार्करने रेघा ओढतो. त्यात झाड नसतं, किल्ला नसतो, गणपतीही नसतो. मग दुसरा प्रश्न येतो : "हे तर कुणीही काढेल की!"

गंमत म्हणजे आपल्यापैकी बऱ्याच जणांनी हे शाळेत काढलेलं आहे. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट ड्रॉइंगच्या परीक्षा आठवतात? वस्तुचित्र, स्मरणचित्र, आणि तिसरं संकल्पचित्र. चौकोनात वर्तुळ, वर्तुळात पाकळ्या, उरलेल्या जागेत पोस्टर कलर. तेव्हा कुणी "हे काय आहे" असं विचारलं नाही, कारण त्याला नक्षी म्हणायचे. नक्षी साडीच्या काठावर चालते, उंबऱ्यासमोर रांगोळीत चालते. तीच चौकटीत घालून भिंतीवर लावली की लोक अर्थ मागतात.

आता थोडं सामानाबद्दल, कारण माझ्या मते अर्धी गोष्ट तिथेच आहे. रंग म्हणजे पूड आणि ती पूड धरून ठेवणारा चिकट पदार्थ. आमच्या जिल्ह्याला लागून असलेल्या अजिंठ्यात कोरड्या गिलाव्यावर खनिज रंग डिंक-सरसासारख्या चिकट द्रव्यात मिसळून लावले. युरोपात पुढे जवसाचं तेल आलं. तेल हवेतला ऑक्सिजन घेत हळूहळू घट्ट होतं, म्हणून तैलरंगाचा थर वाळायला दिवस, कधी आठवडे जातात. अ‍ॅक्रिलिकचं तसं नाही. त्यातलं पाणी उडून गेलं की प्लास्टिकचे कण एकमेकांना चिकटतात आणि थर कायमचा बसतो. पाण्यात मिसळणारं, चित्रकारांसाठीचं अ‍ॅक्रिलिक अमेरिकेत १९५५ च्या सुमारास बाजारात आलं. जपानमध्ये १९६२ मध्ये युकिओ होरिए यांनी फायबरच्या टोकाचं पेन काढलं. १९८३ मध्ये मित्सुबिशी पेन्सिल या कंपनीचा पोस्का मार्कर आला. (या कंपनीचा गाड्यांच्या मित्सुबिशीशी काही संबंध नाही, मीही आधी तेच समजायचो.) हलवायचा, टोक दाबायचं, रंग उतरतो. ब्रश नको, पॅलेट नको, पाण्याची वाटी नको.

म्हणजे साठ-सत्तर वर्षांत सगळी धडपड एकाच दिशेने चालली आहे : वाट बघायला लागू नये. मे महिन्यात पारोळ्याला तर विचारूच नका. पारा चाळिशीच्या वर, पंखा फुल्ल, आणि रंग ब्रशवरच वाळतो.

आणि आपल्याकडचा सगळ्यात मोठा अमूर्त चित्रकार वाट बघण्यासाठीच प्रसिद्ध होता.

वासुदेव गायतोंडे. जन्म नागपूरचा, १९२४ चा, घराणं मूळ गोव्याचं, वाढले गिरगावातल्या चाळीत. १९४८ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून डिप्लोमा. सुरुवातीला माणसं, आकृत्या काढल्या. पॉल क्लीचा प्रभाव होता. मग आकृत्या विरघळत गेल्या. १९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले. 'अमूर्त' हा शब्द त्यांना पसंत नव्हता, आपली चित्रं वस्तुनिरपेक्ष आहेत असं ते म्हणत. (मूर्त काहीतरी होतं आणि ते काढून टाकलं, असा वास 'अमूर्त'ला येतो. मला त्यांचं पटतं.)

त्यांचं काम बघा. रोलरने रंग पसरायचा, पॅलेट नाइफने खरवडायचा, वर्तमानपत्राचे फाडलेले तुकडे ओल्या रंगावर दाबून उचलायचे. थर लावायचा, काढायचा, थांबायचं, बघत बसायचं. वर्षाला जेमतेम पाच-सहा चित्रं. आपल्या भाषेत, प्रॉडक्टिव्हिटी शून्य. मार्च २०२१ मध्ये त्यांचं १९६१ चं एक चित्र लिलावात जवळपास ४० कोटींना गेलं. पेपरवाल्यांनी तेवढंच छापलं आणि लोकांनी पुन्हा विचारलं, यात आहे काय?

मला त्या कोटींपेक्षा एक छोटी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. १९८४ मध्ये दिल्लीत त्यांना अपघात झाला आणि मोठ्या कॅनव्हाससमोर उभं राहणं काही वर्षं बंद झालं. त्या काळात ते कागदाकडे वळले. लहान कागद, काळी शाई. कुठलीतरी लिपी असावी पण वाचता येऊ नये, अशी चिन्हं. इथे रोलर नाही, खरवडणं नाही. कागदाने शाई प्यायली की ती परत मागता येत नाही. जो माणूस आयुष्यभर रंग काढून काढून चित्रापर्यंत पोचला, त्याच्याकडे अचानक काढायची सोयच उरली नाही. मग वाट कधी बघायची? रेघ ओढायच्या आधी.

'कुणीही काढेल' याला माझं उत्तर हे आहे. रेघ कुणीही ओढेल, प्रश्न ती कुठे थांबवायची याचा आहे.

मार्कर-अ‍ॅक्रिलिकवाल्यांची अवस्था या दोन्हींच्या मधली आहे. आपल्याला झाकता येतं, पुसता येत नाही. निळ्यावर पांढरा मारला तरी निळ्याच्या थराची कड वर उठून दिसत राहते. एका अर्थाने व्हर्जन हिस्टरीच, पण जुनं व्हर्जन परत आणायची सोय नसलेली.

सामान महाग हवं असंही नाही. प्रभाकर बरवे यांनी तर एनॅमल पेंट वापरून नावाजलेली चित्रं केली. दारं-खिडक्यांना लावतात तोच जातीचा चकचकीत रंग.

करून बघणार असाल तर कागद पाटावर चारी बाजूंनी टेपने चिकटवा, नाहीतर ओला झाला की पापडासारखा वळतो. अ‍ॅक्रिलिक पातळ लावा. जाड, खरबरीत थरावर मार्करचं टोक झिजून त्याची कुंचली होते. आणि थर वाळला असं वाटलं तरी मार्कर लगेच उचलू नका. अर्धा तास त्या कागदाकडे नुसतं बघा. फोन दुसऱ्या खोलीत ठेवून.